चालत्या सर्व्हरची रॅम घाईत हलवू नका

अंबड एमआयडीसीतल्या लघुउद्योजकांनो आणि त्यांच्या कॉम्प्युटरची देखभाल पाहणाऱ्या मित्रांनो,

महिन्याची ११ तारीख, जीएसटीआर-१ भरायचा शेवटचा दिवस. अकाउंट्सवाले रिपोर्ट काढतायत, माल भरलेली गाडी गेटवर उभी आणि ईआरपी नुसता फिरतोय. मालक ओरडतात, "अरे, रॅम वाढव!" मग एका व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) रॅम काढून दुसरीला दिली जाते. थोडा वेळ बरं वाटतं, नंतर दोन्ही अडतात. म्हणून हे आवाहन: चालत्या सर्व्हरची रॅम जरूर कमीजास्त करा, पण हिशेब आधी मांडून ठेवा.

एका मशीनवर तीन व्हीएम असल्या तरी रॅम एकच असते. व्हीएमकडून रॅम काढायची तर होस्ट, म्हणजे ते मूळ मशीन, तिच्या आतल्या बलून ड्रायव्हरला फुगवतो आणि व्हीएमला आपली कमी वापरातली मेमरी सोडावी लागते. खरोखर रिकामी असेल तेवढी काढली तर काही बिघडत नाही. त्याहून जास्त काढली की व्हीएम डेटा डिस्कवर टाकू लागते, आणि हार्ड डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी संथ. लिनक्समध्ये मेमरी अगदीच संपली तर सिस्टीम एखादा प्रोग्रॅम स्वतःच मारते. बहुतेकदा सर्वात जास्त मेमरी खाणारा, म्हणजे नेमका तुमचा डेटाबेस.

टास्क मॅनेजरमध्ये ९० टक्के दिसले म्हणून घाबरू नका. एसक्यूएल सर्व्हरला मर्यादा घातली नाही तर तो मिळेल तेवढी रॅम धरून ठेवतो. तो त्याचा स्वभाव आहे. लिनक्सवर 'फ्री' नव्हे, 'अव्हेलेबल' हा रकाना पाहा. रॅम भरलेली आणि डिस्कचा दिवाही सतत पेटलेला, अशी जोडी दिसली तरच तुटवडा समजा.

आता हिशेब. ६४ जीबीचा होस्ट धरा. त्याच्या स्वतःसाठी ८, डेटाबेसला २४, ईआरपीला १२, ड्रॉइंगच्या फाइल सर्व्हरला ८. बेरीज ५२, शिल्लक १२. अडीनडीला द्यायचं ते याच बारामधून. दुसऱ्याच्या ताटातून नव्हे. शिवाय प्रत्येक व्हीएमचे तीन आकडे लिहून ठेवा: किमान, नेहमीची आणि कमाल. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरमध्ये पार्टिशन, म्हणजे तिथली व्हीएम, बनवताना हेच तीन आकडे भरावे लागतात, आणि कमाल वाढवायची तर पार्टिशन बंद करूनच. व्हीएमवेअरमध्ये चालत्या व्हीएमला रॅम जोडू देणारं 'हॉट ॲड' आधी, व्हीएम बंद असताना चालू करावं लागतं. हायपर-व्हीत डायनॅमिक मेमरी असेल तर चालू व्हीएमची कमाल वाढवता येते आणि किमान कमी करता येते. उलट करायचं तर व्हीएम बंद करा. ही कामं साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी उरकून घ्या.

क्रमही पाळा. रॅम द्यायची असेल तर आधी व्हीएमला द्या, मग एसक्यूएलची मर्यादा वाढवा. काढायची असेल तर आधी एसक्यूएलची मर्यादा उतरवा; त्यासाठी त्याला रीस्टार्ट करावं लागत नाही. त्याने रॅम सोडली की मगच व्हीएमची कमी करा. एका वेळी एक-दोन जीबी, आणि दर पायरीला डिस्क पाहून. काढण्याचं काम गर्दीच्या वेळी मुळीच नको.

"हे आपोआप होत नाही का?" असं कोणी विचारेल. होतं की. आपल्या शेजारच्या सातपूरमधल्या ईएसडीएस कंपनीची 'एनलाइट' क्लाउड सेवा याच कल्पनेवर उभी आहे: लोड पाहून चालत्या व्हीएमची रॅम आणि प्रोसेसर वाढवायचे, लोड उतरला की कमी करायचे. पण तिथे रात्रंदिवस नजर ठेवणारी यंत्रणा आहे आणि मागे मोठा साठा आहे. आपल्या केबिनमागच्या एकुलत्या सर्व्हरला यातलं काहीच नाही. म्हणून आपल्याला मर्यादा हातानेच घालाव्या लागतात.

येत्या सुट्टीला हे आकडे एका कागदावर लिहा आणि सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. बदल केला की तारीख आणि करणाऱ्याचं नाव त्यावरच टाका. शिल्लक शून्य निघाली तर वाटाघाटी थांबवा आणि रॅमची पट्टी विकत आणा. सेटिंग बदलून नवी रॅम तयार होत नाही.