हाताला वळण कोण लावणार?

ग्रामीण आरोग्यसेवेची उणीव डोळ्यांत भरू लागली की आपल्याकडे एक नवे पद निर्माण होते. त्या पदाला भारदस्त नाव मिळते, अभ्यासक्रमाची पुस्तिका छापली जाते, आणि उणीव भरून निघाली असा सर्वांचा समज होतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने डॉक्टर नसलेल्या, परंतु मर्यादित उपचार करू शकणाऱ्या सामुदायिक आरोग्यसेवकांना परवाना देण्याची तरतूद केली. त्याच्या आदल्या वर्षापासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले होते. २०२१ मध्ये सहायक आरोग्य व्यवसायांचा स्वतंत्र कायदा आला, आणि २०२५ मध्ये त्या कायद्याखालील आयोगाने जे अभ्यासक्रम जाहीर केले त्यांत डॉक्टरांच्या सहायकाचा, म्हणजे ‘फिजिशियन असोसिएट’चाही समावेश आहे. या सर्व योजनांचे आम्ही स्वागतच करतो. तथापि या सहायकांना शिकवावयाचे काय याचा जेवढा खल झाला, त्याच्या शतांशानेही त्यांचा हात धरून शिकवावयाचे कोणी याचा झालेला नाही. आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

या शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर, बीडच्या रस्त्याला, पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव आहे. मोसंबीच्या बाजारामुळे ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. त्या परिसरातील एखादे उपकेंद्र वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. रात्रीचे दोन वाजले आहेत. ऊसतोडीहून परतलेली एक गरोदर बाई ऐन कळांत येऊन दाखल होते. तालुक्याच्या गावी पोहोचण्याइतका अवकाश नाही. प्रसूती होते, पण बाळ रडत नाही. १०८ क्रमांकाला दूरध्वनी केला तरी गाडी येण्यास वेळ लागणार. आणि बाळापाशी वेळ आहे तो जेमतेम एका मिनिटाचा. तेवढ्या अवधीत आरोग्यसेविकेने ते पुसून कोरडे करावयाचे, मान योग्य कोनात ठेवावयाची, तोंडानाकातील स्राव काढावयाचा, आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर मुखवटा चेहऱ्यावर बसवून पिशवीने हवा द्यावयाची. हे सारे तिच्या पुस्तकात आहे. परीक्षेत तिने ते बिनचूक लिहिलेलेही असेल. परंतु मुखवटा घट्ट बसला आहे की हनुवटीच्या कडेने हवा निसटते आहे, पिशवी दाबली जाते तेव्हा ती चिमुकली छाती उचलली जाते की नुसते पोट फुगते, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते बोटांनाच कळावे लागते, आणि बोटांना ते आधी कोणीतरी कळवून दिलेले असावे लागते.

आमच्यापैकी ज्यांनी काही वर्षे फळ्यापुढे काढली आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको. ‘ग’ कसा काढावा हे शब्दांत समजावून सांगितल्याने कोणत्याही मुलाला ‘ग’ काढता आलेला नाही. मास्तरांनी मुलाच्या मुठीवर आपली मूठ ठेवली, पाटीवर दहा वेळा गिरवून घेतले, अकराव्या वेळी हात सोडला आणि बाराव्या वेळी चुकल्यावर पुन्हा धरला, तेव्हा कोठे अक्षर आले. नाडी पाहणे, रक्तदाब मोजणे, शीर शोधून सलाईन लावणे, वार पडल्यावर गर्भाशय आकसले आहे की नाही हे पोटावर हात ठेवून ओळखणे, ही सर्व गिरवण्याची विद्या आहे.

ती आपल्याकडे नव्हती असेही नाही. जुन्या पिढीतील वाचकांना एल.सी.पी.एस. डॉक्टर आठवत असतील. स्वातंत्र्यापूर्वी पुण्याच्या बै. जी. मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून असे पदवी नसलेले, पण रुग्णशय्येपाशी घडलेले डॉक्टर बाहेर पडत. १९४६ मध्ये भोर समितीने अहवाल दिला त्या वेळी देशातील सुमारे ४७ हजार ५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार या वर्गातले होते. समितीच्या बहुमताने हा वर्ग बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा असे सुचविले. काही सभासदांनी भिन्न मत नोंदविले, ते मागे पडले. समितीचा हेतू उदात्त होता. खेड्याला दुय्यम डॉक्टर का, हा तिचा सवाल आजही खोडून काढता येत नाही. घडले मात्र असे की पदवीधर शहरात राहिला आणि लायसेन्शिएट नाहीसा झाला. तेव्हापासून आपण तीच रिकामी जागा वेगवेगळ्या नावांनी भरू पाहत आहोत.

अमेरिकेत ‘फिजिशियन असिस्टंट’चा पहिला वर्ग १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केला. त्या वर्गात बसविलेले चौघेही नौदलातून निवृत्त झालेले रुग्णसेवक होते. म्हणजे ज्यांचे हात आधीच तयार होते त्यांना शास्त्र शिकविण्यापासून त्या व्यवसायाचा आरंभ झाला. आपण नेमका उलटा क्रम धरला आहे: आधी शास्त्र, मग प्रमाणपत्र, मग नेमणूक, आणि हात तयार व्हावयाचा तो रुग्णावर, एकट्याने, रात्री दोन वाजता.

याहून निराळे काही करता येते का? येते, आणि त्याचा पुरावा परदेशातून आणावयास नको. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत जो प्रयोग केला तो या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत म्हणून निवडल्या गेल्या. प्रसूतीच्या वेळी हजर राहणे, बाळाचे वजन करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, एवढे त्यांना शिकविले. त्या भागातील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी याच संस्थेने निरक्षर सुईणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखावयास शिकविले होते. मोठे आकडे मोजता येत नसलेल्या बाईने मिनिटाचे श्वास मोजावेत कसे? तर एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी घेऊन, दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा.

या यशाचे श्रेय लोक इंजेक्शनला देतात, मण्यांना देतात. आमच्या मते ते मुख्यतः एका फारशा न बोलल्या गेलेल्या व्यवस्थेला द्यावयास हवे. दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक आरोग्यदूताच्या गावी जात असे, तिची नोंद तपासत असे, तिच्यासमोर बाळ पाहत असे आणि चूक असेल तेथे दुरुस्त करीत असे. जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले तेही एकदाच शिकवून पाठवून दिल्याने नव्हे. त्या स्त्रिया वारंवार केंद्रावर येत, गावात आलेले अनुभव मांडत आणि पुन्हा शिकून जात. २०११ मध्ये नवजात बालकांच्या गृहभेटींची योजना आशांमार्फत देशभर लागू झाली. भेटींचे दिवस आले, तक्ते आले, प्रत्येक बाळामागे मानधन आले. गडचिरोलीतला तो पंधरवड्याचा पाहुणा मात्र त्या प्रमाणात आला नाही. प्रयोगाचे शरीर उचलले आणि कणा तेथेच राहिला!

वस्तुतः हा कणा सरकारी व्यवस्थेत कागदावर पूर्वीपासून आहे. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्यसेवकांची कल्पना मांडली तेव्हा तीन-चार सेविकांमागे एक अनुभवी सहायिका असावी अशीच तिची योजना होती. ती जबाबदारी देखरेखीची, म्हणजे शिकविण्याची होती. आज या बाईच्या हाती रजिस्टर, मासिक अहवाल आणि संकेतस्थळावरची माहिती भरण्याचे काम आहे. सेविकेचे आकडे जुळतात की नाही हे ती पाहते. सेविकेचा हात कसा चालतो हे पाहण्यास तिला सवड कोठून मिळावी?

आणखी एका गोष्टीचा हिशेब कोणी मांडत नाही. जन्माला येणाऱ्या दहा बाळांपैकी साधारण एकाला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते. पिशवीने हवा देण्याची पाळी शंभरांतील तीन ते सहा बाळांवर येते. ज्या उपकेंद्रात वर्षाला वीस प्रसूती होतात तेथील सेविकेला ती पिशवी वर्षातून फार तर एकदा हाती घ्यावी लागेल. नवजात शिशूंच्या सुरक्षिततेचे दोन दिवसांचे प्रशिक्षण तिने कधी काळी घेतलेले असते, सुरक्षित प्रसूतीचे तीन आठवड्यांचेही घेतलेले असते. परंतु वर्षातून एकदा वाजविलेली पेटी सुरात वाजेल असे कोणता गवई म्हणेल?

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या राजाने मादाम द्यु कुद्रे नावाच्या सुईणीला गावोगाव शिकवावयास पाठविले, तेव्हा तिने कापडाचे व चामड्याचे गर्भाशय आणि बाहुलीचे बाळ बरोबर नेले होते. आज पाणी भरले की खऱ्या बाळाच्या वजनाची होणारी बाहुली मिळते. तिची छाती हवा नीट गेली तरच उचलली जाते. केंद्र सरकारने २०१३ पासून कौशल्य प्रयोगशाळांची योजनाही आखली आहे. परंतु प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि सेविका उपकेंद्रात. बाहुली कपाटात कुलूपबंद न राहता प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत टेबलावर यावी, आणि अहवालवाचनापूर्वी प्रत्येकीने सर्वांसमक्ष एकदा पिशवी चालवून दाखवावी, एवढे तरी जिल्हा परिषदेला उद्यापासून करता येण्यासारखे आहे.

बाहुली सरावाला पुरते, शिक्षणाला मात्र पुरत नाही. त्यासाठी रुग्णच हवा. येथे पाचोडचे महत्त्व आम्हांस वाटते. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली तेथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने कित्येक दशके रुग्णालय, खेडी आणि प्रशिक्षण यांची सांगड घातलेली आहे. सुईणींना शिकविण्यापासून, गावपातळीवरील सेविकेने महिन्याला घरोघर जाऊन कोणाला काय हवे आहे हे टिपण्यापर्यंतचे काम तेथे झाले आहे. शहरातल्या कोणत्याही मोठ्या अध्यापन रुग्णालयात रुग्ण भरपूर असतात; पण एका खाटेभोवती पदव्युत्तर विद्यार्थी, आंतरवासी, वैद्यकीय विद्यार्थी, परिचारिका विद्यार्थिनी अशी रांग असते आणि सहायक वर्गाची मुलगी त्या रांगेच्या अगदी शेवटी उभी असते. प्रसूती ‘पाहिली’ अशी नोंद तिच्या वहीत होते. तिने ‘केली’ हे कोण लिहिणार? लहान रुग्णालयात ती दुसऱ्या क्रमांकावर असते, कित्येकदा पहिल्याही. शिवाय ज्या परिस्थितीत तिला पुढे काम करावयाचे आहे तीच तेथे असते: वीज गेलेली, रक्तपेढी दूर, नातेवाईक दाराशी.

वैद्यकीय संघटनांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो केवळ स्वार्थाचा आहे असे आम्ही मानत नाही. अर्धशिक्षितांच्या हाती रुग्ण सोपवू नये हे म्हणणे योग्यच आहे. इंग्लंडमध्येही जुलै २०२५ मध्ये लेंग समितीने तेथील ‘फिजिशियन असोसिएट’ना पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणावे आणि निदान न झालेला रुग्ण आधी त्यांच्यापुढे जाऊ नये असे सुचविले आहे. परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष सहायक नकोत असा नसून देखरेख हवी असा आहे. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला तेव्हा मोठा गदारोळ झाला. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कामाची तपासणी झाली तेव्हा साध्या आजारांच्या उपचारांत ते सहायक डॉक्टरांच्या तोडीचे ठरले. आणि ज्या डॉक्टरांना हा वर्ग अपुरा वाटतो, त्यांनीच महिन्यातून दोन दिवस लहान रुग्णालयात जाऊन या मुलींना शिकवावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.

शासनाने प्रशिक्षणाचे दिवस मोजणे सोडून हाताने केलेली, कोणीतरी शेजारी उभे राहून पाहिलेली आणि नावानिशी सही केलेली कामे मोजावीत. पाचोडसारख्या ठिकाणची ग्रामीण व सेवाभावी रुग्णालये रीतसर शिक्षणकेंद्रे म्हणून मान्य करावीत. तेथे शिकविणाऱ्या परिचारिकेला त्या कामाचा निराळा मोबदला आणि निराळा वेळ द्यावा. उपकेंद्रातील प्रत्येक सेविकेला वर्षातून पंधरा दिवस तेथील प्रसूतिकक्षात पाठवावे आणि त्या काळात तिच्या जागी बदली बाई द्यावी. बदली नसेल तर ती जाणारच नाही. आगामी अंदाजपत्रकात नव्या पदांसाठी रक्कम दिसेल, इमारतींच्या रंगरंगोटीसाठीही दिसेल. या बदली बाईच्या पगाराचा आकडा त्यात कोठे आहे, हे आपल्या आमदारांनी सभागृहात विचारावे.