जुने यंत्र घेताना

घरातला मिरजेचा तंबोरा तिसऱ्या पिढीलाही साथ देतो. त्याच भरवशावर नातू बास गिटारसाठी कुणाचा जुना ॲम्प्लिफायर आणायला कडोदऱ्यास निघाला, तर त्यास क्षणभर थांबवावे. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर त्या भाराने फाटण्याचे भय असते. म्हणून आपलेच वाद्य न्यावे, तीच तार मोठ्या आवाजात वाजवावी, भीड कसली? पेडलची खुंटी फिरवताना होणारी खरखर बहुधा धुळीची. तेवढ्यासाठी सौदा मोडू नये. व्हॉल्व्हचे यंत्र मात्र घरी उघडू नये; वीज तोडल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो. हे विकणाऱ्यानेच आधी सांगावे, असे आमचे मत आहे. दुरुस्तीविषयी विचारता तो टाळू लागला, तर मुकाट परतीची गाडी धरावी.