आधी सुई, मग नागपूर

छातीत कळ आली की घरचे म्हणतात, 'गॅस झाला असेल.' मग ओवा, सोडा, पाठ चोळणे यात दोन-चार तास जातात. शेवटी दवाखाना गाठला की चिठ्ठी मिळते, 'नागपूरला हलवा.' चंद्रपूर-गडचिरोलीतला हृदयरोगी या दोन वाक्यांच्या मध्ये सापडतो.

हा शहरी, सुखवस्तू माणसांचा रोग आहे हा समज आता सोडावा. गडचिरोलीत राहणाऱ्या डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४व्या वर्षी हृदयरोगाने गाठले. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे त्यांचे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. त्यांच्याच 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांत केलेल्या अभ्यासात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात निघाले. पक्षाघात काय किंवा हृदयविकार काय, दोन्ही मुख्यतः रक्तवाहिन्यांचेच दुखणे.

हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने बंद झाली की पुढचा स्नायू अर्ध्या तासाच्या आतबाहेर मरू लागतो. काही तासांत तो बराचसा निकामी होतो. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच उत्तम. पण सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटर, तिथून नागपूर आणखी पावणेदोनशे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. अशा ठिकाणी आधी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि मग पुढचा प्रवास, हाच शास्त्रशुद्ध मार्ग आहे.

हे काही नवे नाही. सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना दोन्ही औषधे मिळाली नाहीत त्यांच्यातले पाच आठवड्यांत शंभरी तेरा दगावले; स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत हे प्रमाण आठवर आले. स्ट्रेप्टोकायनेज सलाईनमधून तासभर द्यावे लागते. आता टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकाच वेळी शिरेतून देता येते. ईसीजीचा फोटो मोबाईलवरून तज्ज्ञाला क्षणात दाखवता येतो.

मग अडते कुठे? माझ्या मते, भीतीपाशी. या इंजेक्शनाने शंभरात सुमारे एकाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नुकताच पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया किंवा रक्तस्राव झालेल्याला ते देता येत नाही. उद्या बरेवाईट झाले तर नातेवाईक अंगावर येतील, या धास्तीने तालुक्याचा डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळा होतो. त्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. फोनवर तज्ज्ञाचा आधार आणि नातेवाइकांचा विश्वास, दोन्ही त्याच्या पाठीशी हवेत.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात चोवीस तास चालू ईसीजी मशीन, ते काढणारी प्रशिक्षित परिचारिका आणि कपाटात हे इंजेक्शन असावे. पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर तीन वेळा लिहाव्यात : रुग्ण आला कधी, ईसीजी निघाला कधी, इंजेक्शन दिले कधी. दिले नसेल तर कारण लिहावे. एवढे झाले तरी उशीर कुठे होतो ते उघड होईल. इंजेक्शनानंतरही नागपूर टळत नाही. साधारण दिवसभरात अँजिओग्राफी व्हायला हवी.

वाचकांनीही काही गोष्टी पाळाव्यात. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम यांपैकी काही दिसले तर घड्याळ पाहावे. रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर बसवू नये. १०८ला फोन करावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. डॉक्टरने सांगितल्यास ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्यावी. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट मात्र आपल्या मनाने देऊ नये, रक्तदाब एकदम उतरू शकतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांना कधी कळ न येता नुसता दमच लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

आणि दवाखान्यात पोहोचल्यावर 'नागपूरला कधी नेऊ?' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'ईसीजी काढला का? सुई देता येईल का?'