दोन नावांची देवी

इंग्लंडातल्या बाथ गावी सुमारे ४६ अंशांचे गरम पाणी जमिनीतून अखंड वर येते. रोमन येण्याआधीपासून तिथले केल्ट लोक या झऱ्याच्या देवीला सुलिस म्हणत. रोमनांनी तिला हटवले नाही, आपली मिनर्व्हा तिला जोडली. 'सुलिस मिनर्व्हा' या जोडनावात गावची देवी पहिली, हे मला फार आवडते. आपल्या सौंदत्तीच्या डोंगरावर नाही का, कुणी यल्लम्मा म्हणतो, कुणी रेणुका!

पण यल्लम्माची गाणी दोन्ही भाषांत अजून म्हटली जातात. सुलिसचे एकही गाणे उरले नाही. केल्टांचे पुरोहित, म्हणजे ड्रुइड, आपली विद्या लिहीत नसत, असे सीझरने नोंदवले आहे. बोलणारे गेले, सारे गेले.

उरले ते झऱ्यात टाकलेले शिशाचे पातळ पत्रे. १९७९-८० च्या उत्खननात ते मोठ्या संख्येने निघाले. आज एकूण १३० च्या आसपास आहेत. त्यांवर चोरीची गाऱ्हाणी आहेत. दोसिमेडिसचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत, असे तो मागतो. हातमोज्यांपायी डोळे! पत्र्यांवरची बरीच नावे केल्टच आहेत. गाऱ्हाणे मात्र लॅटिनमध्ये.