रॉबर्टसन स्मिथ ‘स्कॉटलंडचे गॅलिलिओ’ नव्हते
१/ एकोणिसाव्या शतकातील विद्वानांची चरित्रे चार ओळींत उरकण्याची रीत सध्या रूढ झाली आहे. तिच्यात विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांची कथा ठरावीक साच्यात येते: एक बुद्धिवादी प्राध्यापक, एक धर्मांध चर्च, एक पाखंडाचा खटला आणि शेवटी हकालपट्टी. ऐकायला ती सोयीची आहे. परंतु घडले ते याहून वेगळे होते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून अधिक अस्वस्थ करणारे काही शिकता येते. हा थ्रेड त्याविषयी.

२/ प्रथम पार्श्वभूमी. धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार जमीनदाराचा की मंडळीचा, या वादातून १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक राजमान्य चर्चमधून बाहेर पडले. हक्काचे वेतन आणि राहती घरे सोडून त्यांनी ‘फ्री चर्च’ उभे केले. स्मिथ यांचे वडील याच चर्चचे धर्मोपदेशक. स्वतः स्मिथ यांचा जन्म १८४६ मधला, अ‍ॅबर्डीनशायरमधील कीग येथला. त्यांचे शालेय शिक्षण घरीच झाले.

३/ पंधराव्या वर्षी त्यांनी अ‍ॅबर्डीन विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे एडिनबरा येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करीत असतानाच ते भौतिकशास्त्रज्ञ टेट यांचे साहाय्यक होते. जर्मनीतील नव्या बायबल-चिकित्सेचा परिचय त्यांनी प्रत्यक्ष तेथे जाऊन करून घेतला. असा हा तरुण १८७० मध्ये, अवघ्या तेवीस वर्षांचा असताना, अ‍ॅबर्डीनच्या फ्री चर्च कॉलेजात हिब्रूचा प्राध्यापक झाला. त्याची निवड चर्चच्या महासभेनेच केली होती.

४/ त्या वर्षीच्या महासभेचे अध्यक्ष कोण होते? मुंबईचे डॉ. जॉन विल्सन; गिरगावात १८३२ मध्ये ज्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज घडले, तेच. ज्या संस्थेला आपण सरसकट ‘धर्मांध’ म्हणतो, तिनेच जर्मनीत शिकलेल्या एका कोवळ्या वयाच्या विद्वानाकडे आपल्या भावी धर्मोपदेशकांचे शिक्षण सोपवले होते. चार ओळींच्या चरित्रात हे कधी येत नाही.

५/ वादाची ठिणगी पडली डिसेंबर १८७५ मध्ये. ‘एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या नवव्या आवृत्तीत स्मिथ यांचा ‘बायबल’ हा लेख प्रसिद्ध झाला. मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ या नावाने असलेला पाचवा ग्रंथ, त्याच्या आजच्या रूपात, खुद्द मोशेचा नसून पुष्कळ नंतरचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंपरानिष्ठ वाचकांना हा पायावरच घाव वाटला.

६/ स्मिथ यांची भूमिका मात्र नास्तिकाची नव्हती. ईश्वर इतिहासात प्रकट होतो असे मानायचे, तर त्या प्रकटीकरणाची कागदपत्रेही इतिहासाच्या कसोटीवर तपासलीच पाहिजेत, असे ते म्हणत. चिकित्सा त्यांना श्रद्धेचेच कर्तव्य वाटे. त्यांना ‘बुद्धिवादी हुतात्मा’ ठरवणारे लोक त्यांच्या विरोधकांचाच आरोप शिक्का पुसून पुन्हा वापरतात. विरोधकही हेच म्हणत होते की हा मनुष्य आतून श्रद्धाहीन आहे.

७/ खटल्याचे काय? १८७७ मध्ये औपचारिक आरोपपत्राची मागणी स्वतः स्मिथ यांनीच केली. कुजबुजीला उत्तर देता येत नाही, लेखी आरोपाला देता येते, हे ते जाणून होते. अध्यापन थांबवले गेले, वर्षे गेली, एकेक आरोप गळत गेला आणि अखेर वाद ‘अनुवाद’ ग्रंथाच्या कर्तृत्वापाशी येऊन ठेपला. १८८० च्या महासभेत २९९ विरुद्ध २९२, म्हणजे अवघ्या सात मतांनी, समज देऊन प्रकरण मिटवण्याचा ठराव संमत झाला. स्मिथ यांचे अध्यासन राहिले. चर्च एकमुखी असते, तर ही मतमोजणी अशी झालीच नसती.

८/ आता कथेचा खरा गाभा. काही दिवसांतच ब्रिटानिकाचा पुढील खंड बाहेर पडला. त्यात हिब्रू भाषा व वाङ्मयावरील स्मिथ यांचा लेख होता. तो त्यांनी निर्णयापूर्वीच लिहून दिला होता. पुन्हा गदारोळ उठला. या वेळी मात्र आरोपपत्र आले नाही. १८८१ च्या महासभेने त्यांना सरळ अध्यासनावरून दूर केले. पाखंडाचा दोष सिद्ध झाला नव्हता, धर्मोपदेशकाचा दर्जाही काढून घेतला नव्हता. यांनी शिकवत राहणे चर्चला हितावह नाही, एवढेच कारण पुरले.

९/ हे घडवून आणणारे धुरीण म्हणजे प्राचार्य रॉबर्ट रेनी. ते धर्मवेडे नव्हते. विद्वान, मुत्सद्दी आणि सावध असे ते गृहस्थ होते. वर्गणीवर चालणारे चर्च दुभंगेल ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. १८९३ मध्ये उत्तरेकडील कर्मठांचा एक गट खरोखरच फुटला. हेच रेनी १९०२ मध्ये, अशाच विचारांच्या जॉर्ज अ‍ॅडम स्मिथ यांच्यावरील कारवाई थांबवण्यासाठी उभे राहिले. वीस वर्षांत सिद्धान्त बदलला नव्हता, बदलले होते ते वारे.

१०/ ‘प्रकाश विरुद्ध अंधार’ ही मांडणी म्हणूनच मला घातक वाटते. तिच्यात दोषी नेहमी कोणीतरी धर्मांध असतो, आणि आपण तर धर्मांध नाही. मग आपल्याला त्या कथेतून शिकण्यासारखे काही उरत नाही. प्रत्यक्षात स्मिथ यांना दूर केले ते सज्जनांच्या सावधपणाने. दोष सिद्ध न करता, ‘संस्थेच्या हितासाठी’. हा मार्ग कोणत्याही काळातील कोणत्याही संस्थेला खुला असतो, मग तिचा धर्माशी संबंध असो वा नसो.

११/ त्याचबरोबर त्यांची मूर्तीही घडवू नये. हेजाझच्या प्रवासावरील त्यांच्या लेखनात इस्लाम व अरब समाज यांविषयी तुच्छतेचा सूर आहे. एडवर्ड सईद यांनी १९७८ मध्ये त्यावर नेमके बोट ठेवले. स्वतःच्या धर्मग्रंथाला त्यांनी जी सहानुभूती आणि जी चिकित्सा दिली, ती इतरांना त्याच मापाने दिली नाही.

१२/ पुढे ते ब्रिटानिकाचे संपादक झाले आणि केंब्रिजमध्ये अरबीचे प्राध्यापक. १८८९ मध्ये सेमिटिक लोकांच्या धर्मावरील त्यांचा ग्रंथ आला. दुर्खीम आणि फ्रॉइड या दोघांनीही त्यातून बरेच घेतले. फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाउ’ त्यांनाच अर्पण केला. १८९४ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला.

१३/ तेव्हा मित्रहो, यापुढे कोणी ‘अमक्याला धर्मांधांनी छळले’ असे चार ओळींत सांगितले, तर तीन प्रश्न विचारा. आरोप लेखी होता का? मते कशी पडली? आणि ठरावात कारण काय नोंदवले होते? नायक आणि खलनायक सगळ्यांनाच आठवतात. ठराव मात्र कोणीतरी उघडून वाचावा लागतो, आणि ते काम आपले आहे.