वाढत्या अंगाची पेटी

मुलांचे गणवेश शिवायला टाकताना आपण शिंप्याला हमखास सांगतो, "जरा ढगळच ठेवा हो, वाढतं अंग आहे." शर्ट गुडघ्यापर्यंत आला तरी चालेल, पण दोन वर्षं पुरला पाहिजे! हा आपला संसारी हिशेब एके ठिकाणी मात्र अपुरा पडतो, हे मला गेल्या मे महिन्यात कळलं. आणि शिकवलं कोणी? एका सापाने!

दचकू नका, मैत्रिणींनो. माझी धाकटी बहीण अमेरिकेत, डॅलसला असते. सुट्टीत मुलांना घेऊन तिच्याकडे गेले होते. बॅगा ठेवते न ठेवते तोच अकरा वर्षांचा भाचा हात ओढत म्हणाला, "मावशी, चल, तुला माझा सोन्या दाखवतो." मला वाटलं, कुत्रा असेल. पाहते तर काचेच्या पेटीत वेटोळं! मी दारातच खिळले.

हा बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिन अशा पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतला छोटा अजगर. विष अजिबात नाही. घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. तिकडे पुष्कळ घरांत तो पाळतात.

पण घरात कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. सोन्या पाच आठवडे जेवला नव्हता. भाचा रडवेला, मेहुणे म्हणत, "परत देऊन टाकू." बहीण ओट्याशी हळूच म्हणाली, "ताई, मला त्याची भीती वाटते गं. पण असा उपाशी बघवतही नाही."

झालं होतं असं, की दुकानदाराच्या सल्ल्याने मेहुण्यांनी एकदमच चार फुटी पेटी आणली होती. वाढत्या अंगाची! आत सव्वा फुटाचं पिल्लू, पाण्याचं भांडं आणि त्याचे आईबापही मावतील एवढं एक खोपटं. बाकी सगळा उघडा माळ. शेवटी सापांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी पिल्लू तपासलं आणि म्हणाले, "आजार काही नाही. पेटी मोठी आहे हा दोष नाही, ती उघडी आहे हा दोष आहे." रानात हा प्राणी उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो. अंगाला चहूबाजूंनी काही टेकलं की त्याला निर्धास्त वाटतं.

घरी येऊन आम्ही पेटीच्या तीन बाजूंना कागद लावला. वेटोळं घालून जेमतेम मावेल अशी दोन खोपटी ठेवली, एक उबेच्या टोकाला, एक गार टोकाला. मधे खोटी पानं, झाडाच्या साली. आठवडाभर कुणी हात लावायचा नाही. नवव्या रात्री बहिणीने मला हलवून उठवलं, "ताई, जेवला गं!" बर्फातला उंदीर कोमट करून दिलेला, तो त्याने गिळला होता. भीती वाटणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता मापं सांगते. कुणाची मुलं, बहिणी परदेशी असतील, त्यांना उपयोगी पडतील. पिल्लाला अडीच फूट लांब, एक फूट रुंद पेटी पुरते. साप अडीच फुटांचा झाला की तीन फुटी घ्यावी. पूर्ण वाढलेला नर तीन-साडेतीन फुटांचा, मादी चार ते पाच फुटांची. त्यांना किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच पेटी हवी. साधी खूण म्हणजे पेटी सापापेक्षा आखूड नको, त्याला सरळ पसरता आलं पाहिजे. माप दोऱ्याने घ्यावं. टाकलेल्या कातीवरून घेऊ नये, कात ताणलेली असते, सापापेक्षा लांब भरते. भाचा तसाच फसला होता!

लहान पेटीचा आणखी एक तोटा. सापाला एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस उबदार आणि दुसरं २५-२६ अंश गार लागतं. आखूड पेटीत दोन्ही टोकं सारखीच तापतात, मग त्या जिवाने जायचं कुठे? उबेच्या दिव्याला थर्मोस्टॅट हवाच, आणि झाकणाला पक्की कडी.

खरा प्रश्न पुढेच आहे. हा साप वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साली एका मादीने अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचा अंदाज होता! भाचा सात वर्षांनी कॉलेजला जाईल, पेटी आईच्याच गळ्यात. मी बहिणीला हे सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "मुलाचं करते, तसं त्याचंही करीन."

आपल्याकडे मात्र हट्ट पुरवण्याआधी लक्षात ठेवा. भारतीय अजगर पकडणं, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा परदेशी सापही नोंदणीशिवाय ठेवता येत नाही.

साप असो की काचेच्या वाडग्यातला गोल्डफिश, पिल्लू किती गोड आहे हे मुलं बघतील. पूर्ण वाढल्यावर केवढा होईल, किती वर्षं जगेल आणि घरातली कुठली भिंत त्याला देणार, हे आपण आधी ठरवावं.