महाविद्यालयांनी कळमन्याचे दार ठोठवावे

नागपूरच्या पूर्व टोकावरील कळमना बाजारात पहाटेपासून मालमोटारींची रांग लागते. धान्य, मिरची, भाजीपाला, संत्री-मोसंबी यांची आवक होते. लिलाव पुकारले जातात, मापाडी वजन घेतो, हमाल पोती उचलतात आणि अडत्याच्या गादीवर हिशेबपट्टी तयार होते. मागणी-पुरवठा, प्रतवारी, साठवणूक, उधारी असे जे जे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी तीन वर्षे पुस्तकात वाचतो, ते सारे येथे रोज घडत असते. भोवतालच्या वस्त्यांतील कितीतरी मुले हा बाजार ओलांडून महाविद्यालयात जातात. त्यांचा अभ्यासक्रम मात्र येथे क्वचितच थांबतो.

आजवर ही केवळ खंत होती. आता तो गुणपत्रिकेचा प्रश्न झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा नवा आराखडा लागू झाला. त्यात क्षेत्रप्रकल्प आणि 'ऑन जॉब ट्रेनिंग' म्हणजेच कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिक कामाच्या एका श्रेयांकासाठी तीस तास धरले, तर चार श्रेयांकांसाठी १२० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवावे लागतात. नव्या आराखड्यातील संलग्न महाविद्यालयांची पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये तिसऱ्या वर्षात येते. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या एवढ्या विद्यार्थ्यांना जागा कोठून मिळणार?

पत्र आणि शिक्का

अभियांत्रिकी महाविद्यालयांना बुटीबोरी, हिंगणा वा मिहानचा रस्ता ठाऊक आहे. सामान्य पदवी महाविद्यालयांकडे असा वारसा नाही. तेथे प्राचार्यांच्या सहीचे एक पत्र विद्यार्थ्याच्या हाती ठेवून त्याला जागा शोधायला सांगणे हाच सर्वांत सोपा मार्ग उरतो. ज्याचे काका सनदी लेखापाल, त्याला जागा मिळते. ज्याचे वडील हमाली करतात, तो दुकानोदुकानी फिरतो आणि अखेरीस ओळखीच्या एखाद्याकडून प्रमाणपत्रावर शिक्का मारून आणतो. अशा प्रमाणपत्राने श्रेयांक मिळतात, कौशल्य मिळत नाही. शिवाय ज्या विद्यार्थ्याला या संधीची गरज सर्वाधिक, तोच तिच्यापासून वंचित राहतो.

सरकारी योजनांवर विसंबून हा प्रश्न सुटणारा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना देशातील आघाडीच्या ५०० कंपन्यांसाठी आखली गेली आणि पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना तिच्यातून वगळण्यात आले. राज्याने त्याच वर्षी आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हती. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार तीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. अडत्याच्या गादीवर एवढी माणसे कुठली? म्हणजे कायद्याचा दंडुका येथे चालणार नाही. मन वळवावे लागेल.

व्यापाऱ्याला काय हवे?

मन वळवायचे तर आधी समोरच्याची अडचण समजून घ्यावी लागते. व्यापाऱ्याला विद्यार्थी नको असतो असे नाही. त्याला गर्दीच्या वेळी पायात येणारा पाहुणा नको असतो. कोणता विद्यार्थी, किती दिवस, कोणत्या वेळी, त्याला काय येते आणि काही बिनसले तर दूरध्वनी कोणाला करायचा, या पाच प्रश्नांची उत्तरे महाविद्यालयाच्या पत्रात नसतात. ती एका पानावर लिहून नेली आणि ते पान घेऊन प्राध्यापक स्वतः गेला, तर अर्धे काम तेथेच होईल.

दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मिरचीचा हंगामही हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. बाजाराला माणसांची गरज असते ती याच काळात आणि विद्यापीठाच्या हिवाळी व उन्हाळी परीक्षांचा हंगामही हाच. मग विद्यार्थी सुटीत, आवक ओसरल्यावर येणार आणि रिकामा बसून जाणार. यावर तोडगा आहे. रोज सकाळचे चार तास धरले तर १२० तास तीस दिवसांत भरतात. तासिका दुपारी ठेवून एका सत्रात हे दिवस बसवणे अशक्य नाही. त्यासाठी वेळापत्रक बाजार पाहून आखावे लागेल, एवढेच.

तिसरा मुद्दा कामाचा. आवक आणि भावांची दैनंदिन नोंद, वस्तू व सेवा कराची बिले, संगणकावरील हिशेब, शीतगृहातील साठ्याचा ताळेबंद ही कामे विद्यार्थी करू शकतो. आठवडाभर महाविद्यालयातच त्याची पूर्वतयारी करून घेतली, तर पहिल्या दिवसापासून त्याचा उपयोग होईल. ज्याचा उपयोग झाला त्याच्या धाकट्या भावंडांनाही पुढच्या वर्षी जागा मिळते, हा बाजाराचा साधा न्याय आहे.

एकेकट्याने नव्हे

प्रत्येक महाविद्यालयाने प्रत्येक दुकानाचे दार वेगळे ठोठावणे मात्र शहाणपणाचे नाही. बाजार समिती, नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन यांसारख्या संस्थांशी परिसरातील चार-पाच महाविद्यालयांनी मिळून करार केला, तर जागांची एकच यादी तयार होऊ शकते. जर्मनीत व्यवसायशिक्षणाच्या परीक्षा घेण्याचे काम व्यापारी मंडळेच करतात. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये वर्ग आणि कारखाना आलटून-पालटून असा प्रयोग आरंभला, तोही गावातल्याच कारखान्यांच्या भरवशावर. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ पासून 'प्रॅक्टिस स्कूल' चालवले. विद्यार्थ्याला कामावर पाठवून शिक्षक मोकळा झाला नाही, हे या पद्धतीचे मर्म आहे.

येथेच एक सावधगिरीही हवी. प्रशिक्षणाच्या नावाखाली फुकटचा नोकर मिळतो, अशी समजूत रुजता कामा नये. पोती उचलणे, गाडी भरणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे. त्यासाठी माथाडी कायद्याखालील हमाल आहेत. विद्यार्थ्याला निदान प्रवासखर्च मिळावा, त्याचा अपघात विमा महाविद्यालयाने उतरवावा आणि मुलींसाठी सुरक्षित वेळ व स्वच्छतागृह यांची खातरजमा पत्र देण्यापूर्वीच व्हावी. या अटी कागदावर आल्या, तर पालकांचाही विश्वास बसेल.

नागपूर विद्यापीठाने २०२३ मध्ये शताब्दी गाठली. शंभर वर्षांत विद्यापीठाने लाखो पदव्या दिल्या. बाजाराने तेवढ्यांनाच रोजगार दिला असेल की नाही, हे सांगणे कठीण. दोघांमधले अंतर मात्र काही किलोमीटरचेच आहे. ते कापण्यासाठी नव्या शासन निर्णयाची गरज नाही. एखाद्या प्राध्यापकाने सकाळी लवकर उठून कळमन्याला जावे, गादीवर बसून चहा घ्यावा आणि "आमच्या मुलांचा तुम्हाला कशात उपयोग होईल?" एवढे विचारावे. सुरुवात तेथून होईल.